ताईच्या तासाचा हिशेब

‘मुलांना कुणापाशी ठेवून जायचं?’ या विषयावर मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. पाळणाघराबद्दल पत्रं येतील असं वाटलं होतं. आली ती बहुतेक इमारतीतल्या ‘ताई’बद्दल. दहावी-अकरावीतली मुलगी दोन-तीन तास मूल सांभाळायला येते, तिला काय द्यायचं, काय सांगायचं, काय सांगायचं नाही, असे प्रश्न होते. त्यातली काही पत्रं आणि त्यांची उत्तरं.

आमच्या खालच्या मजल्यावरची मुलगी अकरावीत आहे, सोळा पूर्ण. माझा मुलगा चार वर्षांचा. आठवड्यातून दोन दिवस मला चर्चगेटहून घरी पोचायला साडेसहा होतात आणि पाळणाघर साडेतीनपर्यंतच आहे. ती आनंदानं यायला तयार आहे. पैशांचं विचारलं तर तिची आई म्हणते, “अहो पैसे कसले, घरचीच आहे.” मग दिवाळीला चांगला ड्रेस घ्यावा का? आणि द्यायचेच झाले तर किती? – बोरिवली

पैसेच द्या. ड्रेस दिवाळीला वेगळा घ्या, हिशेबात धरू नका.

आईनं पहिल्यांदा ‘नको’ म्हणणं ही आपल्याकडची रीत आहे, पाहुण्यानं पहिल्या वाढीला ताटावर हात आडवा धरावा तशी. एकदा ऐकून घ्या आणि मग सरळ म्हणा, “वहिनी, पैसे घेणार नसाल तर मला तिला हक्कानं बोलावता येणार नाही.” हे खरंही आहे. फुकट येणाऱ्या मुलीला तुम्ही उशीर झाला तर काही बोलू शकत नाही, आणि तिला नको असेल त्या दिवशी तीही ‘नाही’ म्हणू शकत नाही. दोघींची अडचण होते. मग एक दिवस ती कारण न सांगता यायची बंद होते आणि लिफ्टमध्ये नजर चुकवते.

किती द्यायचे, याचा अंदाज तुमच्याच इमारतीतून काढा. पूर्णवेळ मूल सांभाळणाऱ्या मावशी काय घेतात ते दोन घरी विचारा. समजा १२,००० रुपये, रोज आठ तास, महिन्याचे २६ दिवस. म्हणजे २०८ तास, तासाला साधारण ५८ रुपये. पण हा झाला बांधलेल्या महिन्याचा दर. सुट्या तासांना तो लावणं हीच इथली नेहमीची चूक. तीन तासांसाठी येणाऱ्या मुलीची क्लास, मैत्रिणी, अभ्यास अशी अख्खी संध्याकाळ मोडते, म्हणून सुट्या तासाला दीडपट ते दुप्पट धरावं. या उदाहरणात ८७ ते ११६, म्हणजे सोयीचा आकडा १००. साडेतीन ते साडेसहा तीन तास, आठवड्याला दोन दिवस: ६०० रुपये. तुमच्या भागातला आकडा वेगळा निघेल, रीत हीच.

दुसरं मूल असेल तर पाव पट जास्त. शेजारणीचं मूल ‘दोघं एकत्र खेळतील’ म्हणून आणून बसवलं तरी तो हिशेब लागू. निदान दोन तासांचे पैसे धरायचे, तुम्ही तासाभरात परतलात तरी. त्याच दिवशी सकाळी रद्द केलंत तर निम्मे द्या. उशीर झाला तर अर्ध्या तासाच्या पटीत वर मोजा: दहा मिनिटं उशीर म्हणजे अर्धा तास. लोकल खोळंबली हा तुमचा दोष नाही हे मान्य, पण तिचाही नाही.

पैसे त्याच दिवशी, तिच्या हातात. महिनाअखेरीवर ठेवलं की कुणी किती तास केले यावर घोळ होतो आणि मागायची वेळ तिच्यावर येते. सोळा वर्षांची मुलगी मागत नाही. रोख नको असेल तर दहा वर्षांवरील मुलांना स्वतः चालवता येईल असं बचत खातं बँकेत उघडता येतं. “आईच्या खात्यावर टाका” हे मुलीनं स्वतःहून सांगितलं असेल तरच.

शेजारची मुलगी तेरा वर्षांची, पण वयाच्या मानानं फार समजूतदार. माझी मुलगी तिच्याशिवाय जेवत नाही. तिला ठेवलं तर चालेल का? आणि रिसेप्शनला जायचं असेल तेव्हा रात्री अकरापर्यंत? – मुलुंड

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच. बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व नियमन) कायदा १९८६चा, त्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार चौदा पूर्ण न झालेल्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. सवलत आहे ती शाळा सांभाळून स्वतःच्या कुटुंबाच्या धंद्यात हातभार लावायला आणि बालकलाकारांना. घरकाम तर १० ऑक्टोबर २००६पासूनच चौदाच्या आतल्यांना बंद आहे. ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. समजूतदारपणा वयाच्या दाखल्यावर लिहिलेला नसतो. तुम्ही घरात असताना ती खेळायला आली, बाळाला भरवलं, तर तो शेजार झाला. तिच्या भरवशावर दार ओढून बाहेर पडलात की काम झालं.

चौदा ते अठरा या वयात धोक्याची कामं वर्ज्य, बाकीची चालतात. दुकानं, हॉटेलं वगैरे आस्थापनांत या वयाच्या मुलांसाठी त्याच कायद्यात तासांची मर्यादा आहे: सलग तीन तासांवर काम नाही, मग तासभर विश्रांती, विश्रांती धरून दिवसाचे सहा तास, संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही, जादा वेळ नाही, एकाच दिवशी दोन ठिकाणी नाही, आठवड्याची सुट्टी. हे कलम आस्थापनांसाठी लिहिलेलं आहे, पण तुमच्या दिवाणखान्यालाही हाच गज लावा. हॉटेलमालकाला जे करता येत नाही ते शेजारणीनं का करावं?

म्हणून रिसेप्शनला मोठी बाई बघा, किंवा मुलीला सोबत न्या. फार तर ताईला दुपारी बोलवा, म्हणजे तुमची तयारी तरी शांतपणे होईल.

मुलगा दोन वर्षांचा. पुढच्या आठवड्यापासून सतरा वर्षांची मुलगी येणार आहे. तिला काय काय सांगून जावं? सासूबाई म्हणतात, एवढं सांगितलंत तर ती घाबरून पळून जाईल. – परळ

सगळं सांगितलं तर खरंच घाबरेल. म्हणून सांगण्याआधी घर आवरा. जे तुम्ही करून ठेवता येईल ते तिच्यावर टाकू नका.

सुरुवात न्हाणीघरापासून. पाणी ठरावीक वेळेला येतं म्हणून आपण बादल्या, टब भरून ठेवतो. दोन वर्षांच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. वाकून बघताना तोल गेला की डोकं आत जातं आणि त्याला ते बाहेर काढता येत नाही. चार बोटं पाणीही पुरतं, आणि आवाज होत नाही. ती येण्याआधी बादल्या रिकाम्या करा किंवा न्हाणीघराला बाहेरून वरची कडी लावा. आंघोळ तिच्याकडे देऊ नका.

मग दार. आपोआप बंद होणारं लॅच असेल तर पार्सल घ्यायला ती एक पाऊल बाहेर टाकेल, वाऱ्यानं दार लागेल, मूल आत आणि ताई बाहेर. एक किल्ली तिच्या गळ्यात, एक शेजारी. पार्सल त्या दिवशी वॉचमनकडे. आतल्या खोल्यांच्या खालच्या कड्या मुलाच्या हाताला लागत असतील तर दोरीनं बांधून टाका. खिडकीला ग्रिल असली तरी खाली पलंग किंवा खुर्ची नको. बाल्कनीचं दार बंद. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा पाइप गॅसचा मुख्य कॉक बंद करून जा. खाणं आधीच करून ठेवलंत तर तिला गरम करायचीही गरज पडू नये. मऊ वरण-भात थर्मासमध्ये तीन तास कोमट राहतो.

खाण्यात एकच मोठा धोका, घशात अडकणं. शेंगदाणे, फुटाणे, चणे, सबंध द्राक्षं तिच्या हाती लागतील असं ठेवू नका. द्राक्षं द्यायचीच तर उभी चार फोडी करून. तरीही अडकलं तर काय करायचं हे तोंडी सांगू नका, बाहुली घेऊन करून दाखवा. मूल खोकतंय, रडतंय, म्हणजे हवा जातेय; खोकू द्यावं, तोंडात बोट घालून चाचपडू नये, अडकलेलं आणखी आत जातं. आवाजच बंद झाला तर त्याला पुढं वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं ५ जोरदार थापा. निघालं नाही तर मागून कवेत धरून, बेंबीच्या जरा वर मूठ ठेवून, आत आणि वर असे ५ झटके. पुन्हा थापा, पुन्हा झटके. एकीकडे आरडाओरडा करून मजला गोळा करायचा आणि १०८ लावायला सांगायचं. (एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर पोट कधीच दाबायचं नाही, पालथं हातावर घेऊन थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर ५ दाब. पण इतकं लहान बाळ शाळकरी मुलीवर सोडून जाऊच नये, हे आमचं मत.)

औषध अजिबात नाही. ताप वाटला तर तुम्हाला फोन. पॅरासिटॅमॉलच्या थेंबांत एका मिलिलीटरला १०० मिलिग्रॅम असतं, सिरपच्या ५ मिलिलीटरमध्ये १२५ किंवा २५०. बाटल्या सारख्या दिसतात. ‘अर्धा चमचा दे’ असं फोनवरून सांगितलं आणि तिनं थेंबांची बाटली उचलली, तर तेवढ्यात दुप्पट ते चौपट औषध पोटात जातं.

फ्रिजवर मोठ्या अक्षरात एक कागद लावा. तुमचा नंबर, नवऱ्याचा नंबर, मजल्यावर त्या वेळी हमखास घरी असणाऱ्या एका मोठ्या माणसाचं नाव आणि दार, डॉक्टर, १०८, ११२. आणि पूर्ण पत्ता: विंग, मजला, फ्लॅट, जवळची खूण. घाबरलेल्या माणसाला पत्ता आठवत नाही, दुसऱ्याच्या घराचा तर नाहीच.

पहिल्या दोन वेळा तुम्ही घरातच, दुसऱ्या खोलीत राहा, आणि त्या तासांचेही पूर्ण पैसे द्या. कागदावर न मावणारं त्या दोन वेळात कळतं: तो कधी किरकिरतो, शी झाल्यावर कुठं लपतो, कुठलं गाणं म्हटलं की झोपतो.

तिच्या हातून आमच्या काचेच्या टेबलाची कड फुटली. १,८०० रुपये खर्च आला. हळूहळू तिच्या पैशातून कापून घेऊ का? – ठाणे

नाही. कापायला लागलात की पुढच्या वेळी काही फुटलं, सांडलं, मूल पडलं तरी ती सांगणार नाही. पडल्याचं तरी कळायलाच हवं. शिवाय लहान पोर असलेल्या घरात काचेची कड उघडी होती, हा प्रश्न तिला विचारायचा नसतो.

घरात कॅमेरा आहे. तिला सांगायला हवं का? – घाटकोपर

ती पहिल्यांदा येईल त्याच दिवशी, तिला आणि तिच्या आईला, कॅमेरा कुठं आहे ते बोट दाखवून सांगा. न्हाणीघरात किंवा ती कपडे बदलेल, पाय पसरून बसेल अशा खोलीत नको. आवाज रेकॉर्ड होतो का, तेही सांगा. आणि ऑफिसातून कॅमेऱ्यात बघून ‘त्याला अजून भरवलं नाहीस?’ असे फोन करायचे असतील तर कशाला ठेवलीत तिला?

माझी मुलगी पंधराची. शेजारच्या सोसायटीत सांभाळायला बोलावलंय. नाही म्हणायचं नाही, पण धास्ती वाटते. काय बघून पाठवू? – गोरेगाव

आधी तुम्ही स्वतः जाऊन त्या घरात चहा घ्या. त्या वेळात घरात आणखी कोण असणार आहे, ते नाव घेऊन विचारा: दीर, आजोबा, कामावरून लवकर येणारा कुणी. उत्तर देताना कुणी कचरलं तर पाठवू नका. एकट्या मोठ्या पुरुषासोबत ती आणि मूल असा बेत नसावा, आणि हे सांगताना ओशाळू नका.

परतीचं पक्कं ठरवा. तिला घ्यायला तुमच्या घरचं कुणी जावं किंवा त्या घरच्या बाईनं दारापर्यंत सोडावं. त्या घरातल्या पुरुषानं एकट्यानं दुचाकीवरून सोडणं नको. चालत जाण्याइतकंच अंतर असेल तर बरं. रिक्षा लागत असेल तर ते भाडं तासांच्या पैशाबाहेर. किमान भाडंच २६ रुपये, जाऊन-येऊन ५२. तीन तासांच्या ३०० रुपयांतून एवढं गेलं तर तासाला ८३ सुद्धा उरत नाहीत.

दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. जानेवारीपासून येणार नाही, हे दिवाळीतच सांगून ठेवा. ‘सहा महिने सोडणार नाही’ असं कुणी लिहून मागितलं तर देऊ नका. अठरा पूर्ण नसलेल्याला कराराचं बंधन लागत नाही, तेव्हा त्या कागदाचा उपयोग धमकीपुरताच.

आणि मुलीशी एक शब्द ठरवा. ‘आई, माझी भूमितीची वही कुठंय?’ असा तिचा फोन आला की तुम्ही काही न विचारता तिकडे निघायचं. तिला न आवडणारं कुणी काही बोललं, हात लावला, तर मुलाला शेजारी सोपवून बाहेर पडायचं, पैशांचं नंतर बघता येईल. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक तिच्या फोनमध्ये असू द्या. ती स्वतः अठराच्या आतली आहे हे लोक विसरतात.

मिळालेले पैसे तिचे. घरखर्चाला लागले तर मागून घ्या, उचलून नव्हे.

गावाकडून ओळखीतली पंधरा वर्षांची मुलगी आणावी म्हणतो. घरातच राहील, जेवण-कपडे, शिवाय वडिलांना दर महिन्याला पैसे पाठवू. त्यांची परिस्थिती नाही, तिचंही भलं होईल. – अंधेरी

हे करू नका. वरच्या पत्रांतली मुलगी साडेसहाला आपल्या घरी जाते. ही कुठं जाईल? घरातच राहणाऱ्या मुलीचे तास मोजलेच जात नाहीत. रात्री मूल उठलं की ती उठते, पाहुणे आले की भांडी तिच्यापुढं, आणि शाळा सुटलेली ती सुटलेलीच. तुमचा हेतू चांगला असेल, पण या मांडणीत तिला ‘नाही’ म्हणायला जागाच नाही.

कायदाही ऐका. बाल न्याय अधिनियम २०१५ अठराच्या आतल्या सगळ्यांना मूल मानतो. त्याचं कलम ७९ म्हणतं, कामासाठी मुलाला बांधून ठेवणं, त्याची कमाई अडवून ठेवणं किंवा ती स्वतःसाठी वापरणं याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. ‘पैसे आमच्याकडेच साठवतोय, लग्नाला देऊ’ हा प्रकार नेमका इथं सापडतो.

मदत करायची असेल तर तिच्या गावच्या शाळेची आणि वसतिगृहाची फी भरा. मूल सांभाळायला मोठ्या वयाची बाई ठेवा.

मी सतरा वर्षांची आहे, वरच्या काकूंकडे त्यांच्या पिल्लूला सांभाळते. काकू दर वेळी अर्धा तास उशिरा येतात, पैसे मात्र ठरलेल्या तीन तासांचेच देतात. आता म्हणतात, तो झोपला की भांडी पण घासत जा. काकू चांगल्या आहेत, वाईट वाटेल असं बोलायचं नाही. – दादर

समोरासमोर बोलताना अडखळशील, म्हणून आधी मेसेज पाठव, आणि त्या घरात असताना नाही, आदल्या दिवशी. साधारण असा: ‘काकू, उद्यापासून मी बरोबर साडेसहाला निघेन, सातचा क्लास आहे. तुम्हाला उशीर होणार असेल तर पिल्लूला समोरच्या आजींकडे सोडू का? साडेसहानंतर थांबावं लागलं तर अर्ध्या तासाचे ५० धरू या. त्याची वाटी-चमचा मी धुते, बाकीची भांडी नको, कारण तो उठला तर मला ऐकू येत नाही.’

शेवटचं कारण खोटं नाही. नळ चालू असताना आतल्या खोलीतलं मूल पलंगावरून उतरलेलं कळत नाही, हे काकूंनाही पटेल. खेळणी आवरणं, त्याचं सांडलेलं पुसणं हे तुझं काम. केर, भांडी, कपडे तुझं नाही. ते हवं असेल तर त्याला वेगळी बाई आणि वेगळे पैसे.

मागचं राहिलेलं सगळं उकरू नकोस. गेल्या महिन्यातले आठ अर्धे तास, म्हणजे चार तास, एवढंच एकदा सांग आणि ‘जमेल तेव्हा द्या’ म्हणू नकोस, ‘शुक्रवारी द्याल का?’ असं विचार. आजपासून वहीच्या शेवटच्या पानावर आल्याची आणि निघाल्याची वेळ लिहीत जा. काकूंना दिसेल अशी लिहिलीस तरी चालेल.